खारपाणपट्ट्यात सफाईची कामं: पांढरी झाक, खराब झालेली कोटा फरशी, आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नेमकं किती?

दर्यापूर_सफाई

नमस्कार मंडळी. दर्यापुरात तीन जणांची टीम आहे. गृहप्रवेशाआधीची नव्या घरांची सफाई, दिवाळीआधीची झाडझूड, पाण्याच्या टाक्या आणि लग्नसराईत मंगल कार्यालयं अशी कामं असतात. काही गोष्टींवर प्रत्येक माणूस वेगळं सांगतो, म्हणून इथे विचारतो.

सगळ्यात जास्त तक्रार फरशीची. पोछा मारला की ओली असताना झकास दिसते, वाळली की पांढरी झाक. शहानूरच्या योजनेचं नळाचं पाणी लोक पिण्यासाठी जपून ठेवतात, त्यामुळे आम्हाला बोअरचंच पाणी मिळतं. मीटरवर टीडीएस १८०० ते २२०० दाखवतो. फिनाईल वाढवून पाहिलं, फरक नाही.

दुसरं, जिन्यावर आणि ओसरीत कोटा असतो. न्हाणीत ॲसिड वापरताना उडालेल्या थेंबांचे फिकट, खरखरीत डाग पडलेत. ते निघतात का?

तिसरं, १००० लिटरच्या टाकीला टीसीएल किती टाकायचं? कोणी मूठभर सांगतो, कोणी अर्धा किलो.

आणि दर कसा लावायचा, चौरस फुटावर की मजुरीवर? सेप्टिक टँकचंही लोक विचारतात. ते काम घ्यावं का?

---

अकोट_फरशी

दादा, आधी पाण्याचं बोलू. तुमच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात.

टीडीएस २००० म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे २ ग्रॅम क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं मानलंय, आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तुमचं बोअर त्या काठावर आहे. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. १००० चौरस फुटांवर ओल्या पोछ्यातून ४-५ लिटर पाणी राहून वाळलं, तर ८-१० ग्रॅम क्षार फरशीभर पसरले. ती झाक हीच. फिनाईल जंतूंसाठी आहे, त्याने क्षार निघत नाहीत. जास्त घातलं तर वर चिकटा बसतो आणि दुसऱ्या दिवशी पावलं उमटतात.

उपाय खर्चिक नाही. धुण्याला बोअरचं पाणी बिनधास्त वापरा, पण फरशीवर ते वाळू देऊ नका. वायपरने ओढून घ्या, आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा, घट्ट पिळलेल्या पोछ्याने. १००० चौरस फुटांना १०-१२ लिटर गोडं पाणी पुरतं. ते घरमालकाकडे मागायचं नाही, आपण कॅनमधून न्यायचं. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी, पहिली सर सोडून, ड्रममध्ये धरलं तर त्याहून चांगलं पाणी नाही. काच आणि नळांनाही तेच.

एक चूक फार घरांत होते. आरओच्या सांडपाण्याचा पाइप बादलीत सोडतात आणि त्याच पाण्याने पोछा मारतात. खारपाणपट्ट्यात हे करू नका. निम्मं पाणी गाळून निम्मं फेकलं जात असेल, तर फेकलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ दुप्पट होतात. संडासात ओतायला ते ठीक, फरशीला नाही.

डाग दिसला की लगेच ॲसिड काढू नका. ओल्या फडक्याने ३० सेकंद चोळा. गेला तर ते साधं मीठ होतं, त्याला पाणीच पुरे. नाही गेला, नखाला खडबडीत लागला, तर तो चुन्याचा थर. नळ आणि शॉवरला एका लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत विरघळवा, फडकं भिजवून नळाला गुंडाळा, १५-२० मिनिटं ठेवा, प्लास्टिकच्या घासणीने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. थर जाड असेल तर पुन्हा एकदा करा, पण एकदाच तासभर ठेवू नका. क्रोमच्या नळांना दुकानातलं पिवळं ॲसिड लावलं की वरचा मुलामा उडतो आणि खालचं पितळ उघडं पडतं. त्या ॲसिडच्या नुसत्या वाफेनेही जवळच्या बिजागऱ्या, कड्या आणि स्टीलचं सिंक आठवड्यात तांबारतात. बंद न्हाणीत ते वापरणं मला तरी कधीच पटत नाही.

आता कोटा. कोटा आणि शहाबाद दोन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड पडलं की दगडच विरघळतो, म्हणून ते डाग नाहीत, तिथली पॉलिश आणि वरचा पापुद्रा गेलेला आहे. कितीही पुसलं तरी परत येणार नाही. लिंबूसत आणि सल्फॅमिक ॲसिडही कोट्याला चालत नाही, हे टीमला नीट सांगून ठेवा. दगड कोणता याची शंका असेल तर कोपऱ्यात, कपाटाखाली, लिंबाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले की त्या फरशीजवळ कोणतंच ॲसिड न्यायचं नाही. ग्रॅनाइटला बुडबुडे येत नाहीत.

दुरुस्ती म्हणजे घासून पुन्हा पॉलिश. डाग नुसता फिका असेल, नखाला लागत नसेल, तर घासायच्या २२० नंबरच्या दगडापासून सुरू करा, मग ३२०. खरखरीत असेल तर ८०, १२०, २२०, ३२० असं क्रमाने. मधला नंबर गाळला तर आधीच्या दगडाचे ओरखडे राहतात आणि उन्हाच्या तिरिपेत दिसतात. प्रत्येक नंबरनंतर चिखल पूर्ण धुऊन ओढून घ्या, नाहीतर जाड कण पुढच्या दगडाखाली येऊन पुन्हा रेघा पाडतात. तो चिखल मोरीत ओतू नका. पाइपात बसला की घट्ट होतो. घमेल्यात निवळू द्या, वरचं पाणी सांडा, गाळ पोत्यात भरा.

शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर, चौरस मीटरला ३३ ग्रॅम, म्हणजे १०० चौरस फुटांना साधारण ३०० ग्रॅम. फरशी ओलसर करून पावडर भुरभुरायची, नमद्याने किंवा तरटाने घासायची आणि धुऊन टाकायची. आताच कोट्याला ॲसिड नको म्हटलं आणि हे काय, असं वाटेल. हे दगडाच्या चुन्याशी मिळून न विरघळणारा बारीक थर देतं, म्हणून पॉलिशला चालतं. फक्त ही पावडर विषारी आहे आणि दिसते साखरेसारखी. डब्यावर ठळक लिहा, खाण्याचे डबे वापरू नका, हातमोजे आणि मास्क घाला.

एकाच डागापुरतं गोल घासलं तर तेवढाच भाग चमकतो आणि फरशी ठिगळ लावल्यासारखी दिसते. निदान त्या पायरीची पूर्ण लादी घ्या.

---

भातकुली_टाकीवाला

मूठभर बी चूक न् अर्धा किलो बी चूक. हिशोब सोपा हाय.

ताज्या टीसीएलमंदी ३३ टक्क्याच्या आसपास क्लोरीन राहते. पोतं फोडून उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत ठेवलं तं ते उतरत जाते, म्हणून जुन्या पावडरीले २५ टक्केच धरा. टाकी धुतल्यावर निर्जंतुक करायले लिटरमागं ५० मिलिग्रॅम क्लोरीन लागते. १००० लिटरले ५० ग्रॅम क्लोरीन. पावडर ताजी असन तं १५० ग्रॅम, जुनी असन तं २०० ग्रॅम. वजनकाट्यावर मोजूनच घ्या, कोणाच्या मुठीत किती मावते ते कोणाले माहीत.

हा गोंधळ काहून होते ते बी सांगतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक रोजच्या पिण्याच्या पाण्याले १००० लिटरमागं ५ ग्रॅम टाकते. तो डोस पिण्याचा. हा २०० ग्रॅमचा डोस टाकी धुण्याचा, ते पाणी पूर्ण सोडून द्या लागते. दोन्हीची गल्लत झाली तं एक तं टाकी साफ होत नाई, नाईतं घरच्याईचा घसा जळते.

पावडर डायरेक्ट टाकीत नका टाकू. प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घेऊन लाकडी काडीनं लेप करा, मंग १० लिटर पाणी टाका, अर्धा घंटा निवळू द्या. खाली चुना बसते. वरचं निवळ पाणीच टाकीत टाका, नाईतं तोच चुना नळाच्या जाळीत जाऊन अडकते.

धुण्याच्या आधी: पंप बंद, गिझर बंद, आरओचा इनलेट बंद, सोलर हीटरचा व्हॉल्व्ह बंद. आरओचं हे विसरलात तं क्लोरीननं मेम्ब्रेन खराब होते न् भरपाई तुमच्या डोक्यावर. टाकी खाली करताना शेवटचं ४-५ इंच पाणी नळावाटे काढू नका, गाळ पाइपात जाते. ते मगानं नाईतं वेट-ड्राय व्हॅक्यूमनं वरून काढा. घासायले नायलॉनचा ब्रश. तारेच्या ब्रशनं प्लास्टिकले चिरा पडतात न् शेवाळ त्यातच घर करते. साबण बी नको, वास निघता निघत नाई.

मंग क्लोरीनचं पाणी भरा. घरातला एक एक नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत चालू द्या, बंद करा, अन् कमीत कमी ४ घंटे तसंच राहू द्या. त्या वेळात घरच्याईनं तो नळ वापरायचा नाई, दारावर कागद चिकटवा. पाणी सोडताना संडासात एकदम १००० लिटर नका सोडू, सेप्टिक टँकमधले कामाचे जंतू मरतात. झाडाले बी नको. नालीत हळूहळू सोडा. पुन्हा ताजं पाणी भरलं की ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन रंगावरून दाखवणारी) करा, लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पायजे अन् वास तीव्र नसला पायजे.

आता आपल्याकडं १००० लिटर पाणी फेकणं बी जिवावर येते. त्याले दुसरी रीत हाय. लिटरमागं २०० मिलिग्रॅमचं पाणी करा, म्हणजे १० लिटरच्या बादलीत जुनी पावडर ८ ग्रॅम. निवळलेलं पाणी टाकीच्या आतून सगळीकडं, झाकणाच्या खालच्या बाजूले बी, ब्रशनं लावा. अर्धा घंटा भिंती ओल्याच ठेवा, वाळली तं पुन्हा लावा. मंग धुवून खाली करा. दोन-तीन बादल्यांत काम होते. पण पाइप साफ होत नाई, म्हणून टाकीत मेलेली पाल-चिमणी निघाली असन तं पहिलीच रीत करा.

एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. टीसीएल अन् ॲसिड, नाईतं टीसीएल अन् संडासाचं क्लीनर, एका बादलीत, एका मोरीत, एकामागून एक बी नाई. विषारी क्लोरीन वायू निघते. दोन्हीचे डबे गाडीत बी अलग अलग ठेवा.

---

दर्यापूर_सफाई

भाऊ, दोघांचेही खूप आभार. लिंबाचा थेंब टाकून पाहिला, ओसरीत बुडबुडे आले. जमिनीखालच्या हौदाचं काय? आणि नव्या घरात टाइल्सवर सिमेंटचा पातळ थर, वर काळ्या मातीचे पाय, याला काय क्रम ठेवायचा?

---

मोर्शी_ताई

क्रमाचं मी लिहिते, कारण नव्या घरात पैसा तिथेच बुडतो.

इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि पेंटर तिघंही घराबाहेर पडल्याशिवाय सुरुवात करू नका. एकाने जरी शेवटचं भोक पाडलं तरी दोन खोल्या पुन्हा कराव्या लागतात. टाइल्सचे सांधे भरून निदान १४ दिवस झालेत का, तेही विचारा. कच्च्या सांध्यावर ॲसिड गेलं की ते भुसभुशीत होतात.

पहिला पूर्ण फेरा कोरडा. छत, पंखे, भिंती, खिडक्या, कपाटं आतून, शेवटी फरशी. पाणी लवकर आणलं की सिमेंटची धूळ चिखल होऊन सांध्यात बसते. काळ्या मातीचं तर विशेष. ती ओली असताना फुगते, चिकटते, पोछ्याने फक्त पसरते. वाळू द्या, मग प्लास्टिकच्या पट्टीने उचला, ब्रश मारा, व्हॅक्यूम करा. दाराशी ओलं पोतं आणि आत वेगळ्या चपला, हे काम सुरू असेपर्यंत. सिमेंटच्या धुळीने व्हॅक्यूमचा फिल्टर लवकर चोंदतो, ओढ कमी झाली की लगेच बाहेर जाऊन झटका. त्याच फिल्टरने पाणी ओढलं तर आत सिमेंट घट्ट बसतं, म्हणून कोरडा आणि ओला फिल्टर वेगळा.

सरकत्या खिडक्यांच्या खाचेत एक इंची पेंटचा ब्रश आणि व्हॅक्यूम. खाचेच्या बाहेरच्या बाजूला पाणी जाण्याची छोटी भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. बुजलेली राहिली तर पहिल्या पावसात पाणी घरात येतं आणि दोष सफाईवाल्यांना लागतो. काचेवरचे थेंब काढताना काच साबणाच्या पाण्याने ओली, पातं नवं, आणि एकाच दिशेने. मागे ओढायचं नाही, खाली अडकलेला कण लांब रेघ पाडतो. कडक केलेली काच असेल तर आधी कोपऱ्यात करून पाहा, तिला ओरखडे लवकर पडतात. इमल्शनचे ठिपके कोमट ओल्या फडक्याखाली १० मिनिटं ठेवले की निघतात. ऑइलपेंटला थिनर, पण फक्त टाइल्सवर, प्लास्टिकच्या दारावर नाही.

सिमेंटच्या थराला सल्फॅमिक ॲसिडची पावडर, लिटरला ५० ग्रॅम, फार जुना थर असेल तर १००. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर आधी टेप लावा. फरशी साध्या पाण्याने ओली करा, म्हणजे सांधे पाण्याने भरतात आणि ॲसिड पीत नाहीत. मग ५ ते १० मिनिटं, एका वेळी ४०-५० चौरस फूटच. वाळू द्यायचं नाही. घासून ओढून घ्या, लिटरला २० ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेलं पाणी फिरवा, पुन्हा धुवा, शेवटी अकोटच्या दादांनी सांगितलेला गोड्या पाण्याचा हात. उंबरा किंवा खिडकीची पाटी कोट्याची असेल तर तिथे ॲसिड नाही, पट्टीने खरवडायचं. वेळ लागतो, तो दरात धरा.

दराबद्दल. फक्त मोकळ्या फरशीला चौरस फूट चालतो. बाकी घर पाहून मजुरीवर काढा. समजा ३ जणांना २ दिवस लागतील, म्हणजे ६ मजुऱ्या. त्यात सामान, गोड्या पाण्याचे कॅन, गाडीचं पेट्रोल, पाती-पॅड-फिल्टरची झीज, आणि आठवड्यानंतरची २ तासांची एक फेरी. ही फेरी सोडू नका. हवेतली बारीक धूळ पुढचे काही दिवस खाली बसतच असते, आणि आधी सांगितलेलं नसेल तर लोक म्हणतात काम कच्चं केलं. घर न पाहता फोनवर दर देऊ नका, कपाटं किती आणि खिडक्या किती यावर सगळं अवलंबून असतं.

घरकामाच्या बाईशी तुलना होईल. तिच्या कामाला नावं ठेवू नका, तिचा रोजचा घाम खरा आहे. तुमचं काम वेगळं आहे एवढं कागदावर दाखवा: काय करणार, काय नाही, वीज-पाणी कोणाचं, मलबा कोण उचलणार, १० फुटांवरच्या कामाला शिडी की परांची. आधीचे ओरखडे आणि तडे घरमालकासमोर मोबाइलवर टिपून घ्या.

कागदपत्रं फार नाहीत. तुमच्यासारख्या तीन जणांच्या टीमला २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

---

भातकुली_टाकीवाला

हौदाचं राह्यलं होतं. झाकणं सगळी उघडून रात्रभर राहू द्या, मंग बाहेरून पंखा लावून हवा आत सोडा. पेट्रोलचा पंप हौदात नाईतं तोंडाशी ठेवू नका, त्याचा धूर आत बसते न् माणूस बोलता बोलता पडते. आत एक, बाहेर दोन, कमरेले दोर. मेणबत्ती पेटवून पाहा म्हणणारे लय हायेत. त्यानं विषारी वायू कळत नाई, उलट पेटणारा वायू असला तं भडका होते. आतला पडला तं त्याले काढायले दुसऱ्यानं उडी मारायची नाई, दोरानं ओढायचं. हौदात टीसीएलचं पाणी लावायचं काम शक्यतो वरूनच लांब दांड्याच्या ब्रशनं. पाणबुडी पंप ३० मिलिॲम्पच्या आरसीसीबीवरच (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) चालवा, अन् माणूस पाण्यात उभा असताना पंप बंद.

---

अकोट_फरशी

सेप्टिक टँकचं काम घेऊ नका, दादा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला त्यात उतरवणं गुन्हा आहे, आणि माणूस उतरवण्याची मुळी गरजच नाही. नगर परिषदेकडे सक्शन गाडीसाठी अर्ज करायला सांगा, तक्रारीसाठी १४४२० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. दोन-तीन वर्षांनी एकदा उपसावा लागतो, एवढं घरमालकाला सांगितलंत तरी पुरे. झाकण कुठे आहे ते नव्या घरात फरशीखाली बुजवून टाकतात, ते मात्र सफाईच्या वेळी शोधून खूण करून द्या.

---

मोर्शी_ताई

एक पुरवणी. मार्चमध्ये कूलरची कामं येतील. प्लग काढून मगच हात घाला, नुसतं बटण बंद पुरत नाही. टाकी जस्ताच्या पत्र्याची असेल तर ॲसिड बिलकूल नको, जस्त विरघळून पत्रा गळायला लागतो. थर प्लास्टिकच्या पट्टीने काढा. लाकडी भुशाच्या ताट्या क्षाराने कडक झाल्या असतील तर धुवू नका, बदला. मधाच्या पोळ्यासारख्या पॅडला मऊ ब्रश, उभ्या दिशेने. खाऱ्या पाण्यात दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायला सांगा, थरही कमी होतो आणि डासांच्या अळ्याही राहत नाहीत. परत जोडताना मोटारीला अर्थिंगची तार आहे का ते पाहा, नसेल तर कूलर सुरू करून देऊ नका.